प्लास्टिकच्या डब्याला काय सोसतं, काय सोसत नाही

साखर, रवा, पोहे ज्या प्लास्टिकच्या डब्यांत आहेत ते डबे तसेच राहू द्या. काळजी करायची तर गॅसवरून उतरलेली आमटी ज्या डब्यात ओतली जाते त्याची करा, ज्या बरणीत लोणचं वर्षभर मुरतं तिची करा. आणि मागच्या पडवीत पाणी साठवायला जो निळा ड्रम ठेवलेला आहे तो तुमच्याकडे येण्याआधी कुठे होता, याची चौकशी सगळ्यांत आधी करा.

लहान मुलांचे आई-वडील बहुधा एवढंच विचारतात की डबा कुठल्या कंपनीचा घ्यावा. पण कंपनीचं नाव फार पुढचं आहे. प्लास्टिकमधून अन्नात काय आणि किती उतरेल हे आधी वेगळ्याच गोष्टींवर ठरतं: अन्न किती गरम आहे, त्यात तेल-तूप किती आहे, ते त्या भांड्यात किती वेळ राहणार आहे आणि भांडं किती जुनं, किती ओरखडलेलं आहे. कोरडी, थंड तूरडाळ स्वस्तातल्या डब्यातही निवांत राहते. कढत फोडणीचं तेल चांगल्या कंपनीच्या डब्यातूनही काही ना काही ओढून घेतं.

हे असं का होतं ते थोडक्यात समजून घेऊ. प्लास्टिक ज्या लांबलचक साखळ्यांचं बनतं त्या साखळ्या सहसा जागच्या हलत नाहीत. सुटतात ते बारके रेणू. काही साखळी जुळताना शिल्लक राहिलेले असतात, तर काही लवचीकपणा, रंग किंवा टिकाऊपणा यावा म्हणून मुद्दाम मिसळलेले. त्यांतली दोन नावं पालकांच्या कानावर सारखी येतात. पहिलं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. पॉलिकार्बोनेट हे काचेसारखं स्वच्छ, टणक प्लास्टिक आणि पत्र्याच्या डब्यांना आतून लावतात ते एपॉक्सीचं अस्तर या दोन्हींत तो असतो. दुसरं थॅलेट्स. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ करण्यासाठी थॅलेट्स घालतात. ते तेलात सहज विरघळतात.

बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवलं होतं. त्यानंतर काही वर्षांनी तोच पदार्थ प्लास्टिकच्या उद्योगात आला आणि जगभर पसरला. त्याच्याकडे पुन्हा संशयाने पाहिलं जाऊ लागलं त्यामागे अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातली एक घटना आहे. १९९८ साली तिथे पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. एकाएकी ज्या उंदरिणींवर कुठलाही प्रयोग केलेला नव्हता त्यांच्याही बीजांडांत गुणसूत्रांचे दोष दिसू लागले. शोध घेता घेता कळलं की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशी पुसायच्या जहाल द्रावणाने चुकून धुतल्या गेल्या होत्या. प्लास्टिक खाल्लं गेलं आणि बीपीए सुटला. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. उंदरांत दिसलं ते जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही. पण त्या बाटल्या कशा धुतल्या गेल्या ते आपल्या मोरीशी थेट जोडलेलं आहे. तारेची घासणी, कपड्याचा सोडा, उकळतं पाणी यांनी रोज घासून धुरकट झालेला डबा नव्या डब्यापेक्षा जास्त सोडतो.

लहान मुलांबाबत अधिक जपायचं ते त्यांच्या वजनामुळे. दहा किलोचं मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त खातं-पितं. बाळाचं यकृत असे पदार्थ निकामी करायला अजून पुरतं तयार झालेलं नसतं. शिवाय संप्रेरकांच्या इशाऱ्यावर शरीर घडण्याचं वयही हेच.

यावर जगात सगळ्यांचं एकमत नाही, हेही पालकांना माहीत असावं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मात्रा शरीराच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी केली. पाठोपाठ युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीए वापरण्यावर बंदी घातली. ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली, उद्योगांना बदलासाठी मुदत देऊन. अमेरिकेने २०१२ मध्ये बाळाच्या बाटल्या आणि सिपरमधून बीपीए हद्दपार केला, इतरत्र मात्र बहुतांशी राहू दिला. आपल्याकडे एफएसएसएआयचे २०१८ चे वेष्टन नियम १ जुलै २०१९ पासून लागू आहेत. त्यानुसार एक किलो अन्नात प्लास्टिकमधून सगळं मिळून ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही उतरता कामा नये. तज्ज्ञांत इतका फरक असताना घरच्या माणसाने काय करावं? माझं मत असं की जी गोष्ट टाळायला फारसा खर्च नाही, कष्ट नाहीत, ती निकाल लागायची वाट न बघता टाळावी. जी टाळायला घर उलटंपालटं करावं लागतं तिच्यामागे लागू नये.

आणि एक धीराची गोष्ट. बीपीए शरीरात साठून राहत नाही, बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. २०११ साली कॅलिफोर्नियात पाच कुटुंबांतल्या वीस जणांना तीन दिवस ताजं, डब्यात किंवा प्लास्टिकमध्ये बंद नसलेलं जेवण दिलं. तेवढ्यात त्यांच्या लघवीतला बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरला, डीईएचपी या थॅलेटचे अंशही निम्म्याहून खाली आले. तेव्हा आजवर मुलाला प्लास्टिकच्या डब्यातून भरवलं म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. आज सवय बदलली तर तिचा परिणाम या आठवड्यातच दिसू लागतो.

आता बाळाकडे येऊ. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध मिळत असेल तर बाटलीचा प्रश्नच नाही. वरचं दूध द्यावं लागलं तर आपल्याकडे बोंडलं होतंच. चांदीचं किंवा स्टीलचं बोंडलं, नाहीतर साधी वाटी आणि चमचा. उकळून निर्जंतुक करायला सोपं, आत कोपरे नाहीत, ओरखडे नाहीत. बालरोगतज्ज्ञही बाटलीपेक्षा वाटी-चमचाच सुचवतात. त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः जुलाब असतात, पण प्लास्टिकचा प्रश्नही त्यातच सुटतो.

बाटलीशिवाय गत्यंतर नसेल तर काचेची घ्या. ती फुटण्याची भीती वाटते किंवा बाळ पाळणाघरात राहतं, म्हणून प्लास्टिकची घेतलीत तर तिच्यावर आयएसआय चिन्ह आहे का पाहा. आयएस १४६२५ हे दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांचं भारतीय मानक आहे. २०१५ साली ते सुधारताना बीपीए असलेलं प्लास्टिक त्यातून बाहेर काढलं गेलं. बालदुग्ध पर्यायांविषयीच्या १९९२ च्या कायद्यानुसार मानक चिन्हाशिवाय अशी बाटली विकताच येत नाही. तरीही बाजारात काय मिळतं? दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून बाटल्या आणि सिपर विकत घेऊन आयआयटी गुवाहाटीत तपासून घेतले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात मनाईनंतरही बीपीए आढळल्याची नोंद आहे. म्हणून चिन्हाच्या खाली छापलेला परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये टाकून पाहा. परवाना खरा असेल तर उत्पादकाचं नाव समोर येतं. रस्त्यावरच्या ढिगातली, नाव-गाव नसलेली, काचेसारखी चकचकीत बाटली कितीही स्वस्त असली तरी बाळासाठी नको.

‘बीपीए फ्री’ एवढं छापलेलं असलं की निश्चिंत झालो, असंही नाही. बीपीएच्या जागी काही ठिकाणी बीपीएस, बीपीएफ अशी त्याचीच भावंडं वापरली जातात. बाळाच्या बाटल्या आता बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यात बिस्फेनॉल लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण उष्णतेचा प्रश्न तिथेही आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की अशा बाटलीत गरम पाणी घालून हलवलं की लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत सूक्ष्म प्लास्टिककण सुटू शकतात आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त.

मग पावडरचं दूध थंड पाण्यात कालवायचं का? मुळीच नाही. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यातले जंतू मरावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान ७० अंश सेल्सिअसचं पाणी सांगते आणि जंतूंचा धोका प्लास्टिककणांपेक्षा कितीतरी मोठा आहे. वाट अशी काढा: स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळा. अर्ध्या तासाच्या आत, ते पुरेसं गरम असतानाच, स्टीलच्या किंवा काचेच्या निर्जंतुक भांड्यात पावडर मिसळा. दूध पाजण्याइतकं कोमट झालं की मगच बाटलीत ओता. बाटली उकळून निर्जंतुक केल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळा. तयार दूध प्लास्टिकच्या बाटलीत पुन्हा गरम करू नका, आणि उरलेलं टाकून द्या.

शाळेच्या डब्याबाबत फार लिहिण्यासारखं नाही. सकाळी घाईघाईत भाजी कढईतून थेट डब्यात जाते. ती पाच तास तिथे राहते, तिच्यात तेल असतं. आधी सांगितलेल्या गोष्टी एकत्र जमल्या त्या इथे. स्टीलचा डबा द्या. बाहेरून प्लास्टिकचं आवरण आणि आत स्टीलची वाटी असलेले डबे मिळतात, तेही चालतील. झाकण प्लास्टिकचं असेल तर भाजी त्याला टेकणार नाही इतकीच भरा. पाण्याची बाटलीही स्टीलची बरी. बिसलेरीची रिकामी बाटली महिनोन् महिने वापरणं थांबवा. त्या पीईटी बाटल्या एकदाच वापरण्यासाठी बनतात. उन्हात उभ्या गाडीत तापल्या तर त्यांतून अँटिमनी जास्त सुटतं, शिवाय अरुंद तोंडामुळे आतून घासता येत नाहीत.

आपल्या भागात प्लास्टिकचा खरा विस्तार दिसतो तो आगोटीच्या बेगमीत. एप्रिल-मेमध्ये घराघरांत वर्षभराचं लोणचं, आगळ, आमसुलं, आंबापोळी, खारातल्या कैऱ्या, खोबरेल तयार होतं, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चिनी मातीच्या बरण्यांची जागा प्लास्टिकने घेतली. यातल्या प्रत्येक पदार्थाचं वागणं वेगळं आहे. आंबट आणि खारट पदार्थांना पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई फारशी दाद देत नाहीत. म्हणून आगळ किंवा खारातल्या कैऱ्या खाद्यपदार्थांसाठीच बनवलेल्या चांगल्या जाड डब्यात ठेवल्या तर घाबरण्याचं कारण नाही, काच मिळाली तर उत्तमच. लोणच्याची गोष्ट निराळी. तिथे तेल आहे आणि वर्षभराचा मुक्काम आहे. ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीतच असावं. खोबरेलही तसंच. घाण्यावरून आणलेलं तेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये आलं असेल तर घरी आल्यावर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून घ्या.

काचेच्या बरणीबाबत एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. फिरकीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून मऊ रबरासारखी कड असते. ती बहुधा मऊ केलेल्या पीव्हीसीची असते आणि तेलाशी तिची गाठ पडली की त्यातले पदार्थ तेलात उतरतात. म्हणून बरणी गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा आणि बरणी आडवी ठेवू नका.

प्लास्टिकला घाबरून घाईने पितळेकडे वळणाऱ्यांनाही थोडं थांबवलं पाहिजे. कोकम, चिंच, कैरी, ताक, सोलकढी हे सगळं कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर तांबं सुटतं. त्याने मूल त्याच दिवशी उलट्यांनी बेजार होऊ शकतं. ॲल्युमिनियमलाही आंबट चालत नाही. प्लास्टिकचा धोका सावकाशीचा आहे, तांब्या-पितळेचा तडकाफडकी आहे. आजीच्या जुन्या बरण्या काढणार असाल तर आतल्या झिलईला तडे नाहीत ना, आतून रंगीत नक्षी नाही ना, हे पाहून घ्या. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतात.

आंबापोळी, फणसपोळी घालायची ती तूप लावलेल्या स्टीलच्या ताटांत. आमसुलांना रसाची पुटं देऊन खळ्यात पसरतो तेव्हा खाली काय अंथरलंय ते बघा. खताच्या रिकाम्या गोणी उसवून केलेल्या चटयांवर कोकम, मिरच्या, पापड वाळत घातलेले दिसतात. कडक ऊन, ओला आंबट पदार्थ आणि खाली खताची पिशवी, हे कुठल्याही परिस्थितीत नको. धुतलेलं सुती कापड, सूप, ताटं यांनी काम भागतं. आमरस फ्रीझरमध्ये ठेवायला प्लास्टिकचे डबे चालतात, कारण थंडीत काही उतरण्याचा वेग फारच मंदावतो. रस गार असताना भरा आणि विरघळवायचा असेल तेव्हा डबा गरम पाण्यात न ठेवता आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली आणून ठेवा. बाजारातल्या पत्र्याच्या डब्यातल्या रसासाठी काळजी एवढीच की डबा उघडल्यावर उरलेला रस लगेच काचेच्या भांड्यात काढावा. मासळीही फ्रीझरमध्ये खाद्यपदार्थांच्या पिशवीत खुशाल ठेवा. फक्त बाजारातून आणलेली काळी किंवा रंगीत पातळ पिशवी तशीच आत ढकलू नका. ती बहुधा कसल्या कसल्या प्लास्टिकच्या फेरवापरातून झालेली असते.

मायक्रोवेव्हबद्दल एका ओळीत: त्यात प्लास्टिक ठेवूच नका, मग डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं का असेना. त्या शिक्क्याचा अर्थ डबा वितळणार नाही, एवढाच आहे. नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांना २०२३ साली बालआहाराच्या डब्यांवर प्रयोग करताना दिसलं की तीन मिनिटांच्या मायक्रोवेव्हमध्ये अवघ्या एका चौरस सेंटिमीटर प्लास्टिकमधून ४२ लाख सूक्ष्म कण आणि दोनशे कोटींहून अधिक अतिसूक्ष्म कण सुटू शकतात.

बाहेरचं खाणं आणताना घरून स्टीलचा डबा नेणं हा सगळ्यांत चांगला उपाय. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी असली तरी गरम सांबार, रस्सा, पार्सल चहा अजूनही पातळ पिशवीतून मिळतो. उकळता चहा आणि मिलिमीटरच्या अंशाइतकं पातळ प्लास्टिक, यापेक्षा वाईट जोडी शोधूनही सापडायची नाही. कागदी कपाने प्रश्न सुटतो असंही नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की कपाच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरातून १०० मिलिलिटर गरम चहात पंधरा मिनिटांत सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. भजी-वडे वर्तमानपत्रात बांधून घेणंही थांबवा. छपाईची शाई तेलात उतरते, म्हणून एफएसएसएआयच्या नियमांनी ते मना केलेलं आहे. केळीचं पान आपल्या परसात असतंच.

आता त्या निळ्या ड्रमकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांना प्लास्टिकमुळे खरोखरचा धोका कुठे असेल तर तो तिथे आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकरच्या पाण्यावर राहावं लागतं. पाणी साठवायला दोनशे लिटरचे निळे ड्रम आणि मोठे कॅन लागतात. जुने स्वस्त मिळतात. ते आधी कशाने भरलेले होते? काही खाद्यतेलाचे, काही सरबताच्या अर्काचे असतात, पण काही रासायनिक कारखान्यांतून निघालेले असतात. खेड तालुक्यात लोटे-परशुरामसारखी मोठी रासायनिक वसाहत असलेल्या जिल्ह्यात ही शक्यता नजरेआड करून चालणार नाही. रसायनांनी दूषित झालेले रिकामे ड्रम २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत घातक कचरा म्हणूनच धरले आहेत. ते घरगुती वापरासाठी विकायचे नसतातच. एचडीपीईची भिंत द्रावकं शोषून घेते. साबणाने, चिंचेने, राखेने कितीही घासलं तरी आत मुरलेलं निघत नाही. ते पुढे कित्येक महिने पाण्यात उतरत राहतं.

याहून जवळचा धोका आंब्याच्या बागेत आहे. मोहर आल्यापासून फळ सुपारीएवढं होईपर्यंत फवारण्या चालतात. त्या संपतात आणि लगेच पाण्याची टंचाई सुरू होते. फवारणीचं औषध कालवायला वापरलेला ड्रम मग घराच्या मागे पाण्यासाठी येतो. औषधाचे पाच लिटरचे कॅन मजबूत, घट्ट झाकणाचे असतात, म्हणून त्यांत पाणी, रॉकेल, कधी कधी तेलही ठेवलं जातं. कीटकनाशकाच्या वेष्टनावरच लिहिलेलं असतं की रिकामा डबा पुन्हा वापरू नये, मोडून टाकावा. ते बंधनकारक आहे. फवारणीच्या काळात घरातल्या मुलाला एकाएकी लाळ सुटली, घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, श्वासाला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचं वेष्टन बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठा. आणि आपला फवारणीचा ड्रम कोणता हे घरातल्या सगळ्यांना कळावं म्हणून त्यावर लाल रंगाने मोठी फुली मारून तो बागेतच ठेवा. घरात पाण्याला लागेल तो ड्रम किंवा टाकी नवी घ्या. एक मोठी घेणं परवडत नसेल तर दोन लहान घ्या, पण जुनी अनोळखी नको.

मुलं बागेतल्या नळीला तोंड लावून पाणी पितात, तेही बंद करा. ती नळी मऊ पीव्हीसीची असते. घरात पाणी आणणारे पीव्हीसीचे कडक पाइप मात्र वेगळे, त्यांत मऊ करणारे थॅलेट्स घालत नाहीत. पीव्हीसीची मूळ राळ आपल्याच गोळप-रनपारला फिनोलेक्सच्या कारखान्यात बनते. या एका नावाखाली कडक पाइप आणि मऊ नळी अशा अगदी वेगळ्या वस्तू येतात हे ध्यानात ठेवलं म्हणजे पुरे.

डब्याच्या बुडाला त्रिकोणात एक आकडा असतो. तो दर्जाचा आकडा नाही, प्लास्टिकची जात सांगतो. १ पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं, ज्यात पॉलिकार्बोनेटही येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये पालकांना ३, ६ आणि ७ शक्यतो टाळा असं सांगितलं. घरात खाण्यासाठी २ आणि ५ असावेत, पेला आणि काटा यांचं चिन्ह असेल तर अधिक बरं. ज्याच्यावर काहीच नाही तो डबा खिळे, सुतळी, बटणं ठेवायला वापरा. मेलामाइनच्या रंगीत वाट्या-ताटल्या मुलांना आवडतात. त्यांत खाऊ द्या, गरम पेज किंवा डाळभात नको, कारण उष्णतेने त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि मेलामाइन सुटतं.

हळदीचा पिवळा डाग पडला म्हणून डबा विषारी होत नाही, तो फक्त डाग आहे. धुरकटलेला, चिरा गेलेला, आतून चिकट लागणारा किंवा वास न जाणारा डबा मात्र बाद करा. पैसे थोडे असतील तर बदल असा करा: आधी बाळाची बाटली, मग शाळेचा डबा, मग तेलाची आणि लोणच्याची भांडी. कोरड्या धान्याचे डबे शेवटी, किंवा कधीच नाही.

गर्भारपणात ही काळजी बाळाच्या जन्मानंतरच्या काळजीइतकीच, कदाचित अधिक, मोलाची आहे, कारण बीपीए वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. तेव्हा डोहाळजेवणाला आणि बारशाला काय आणू असं नातेवाइकांनी विचारलं तर संकोच न करता सांगा: प्लास्टिकचा भरणा असलेले रंगीत संच नकोत, स्टीलची वाटी-चमचा, चांदीचं बोंडलं किंवा काचेच्या दोन बाटल्या द्या.